जरीनाच्या पट्ट्या

मार्गशीर्षातली थंडी त्या सकाळी मंगळवार पेठेत अशी उतरली होती, की पिराजीच्या म्हशींच्या नाकातनं निघणारी वाफ कुठली आणि त्याच्या विडीचा धूर कुठला, हे सांगता येत नव्हतं. गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी पालापाचोळा पेटवला होता आणि चारसहा जण हात शेकत उभे होते. थंडी म्हणजे दस्तगीर पिंजाऱ्याच्या घरची सुगी. आपली गादी चपटी झालीय हे लोकांना वर्षभर कळत नाही. मार्गशीर्षात एका रात्रीत कळतं, आणि दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत ते गादी डोक्यावर घेऊन दारात हजर होतात.

सोप्यात दस्तगीरची पिंजण टुंग-टुंग वाजत होती. धनुष्यासारखं ते लांबलचक लाकूड, त्यावर ताणलेली तात, आणि तातेवर ठोकळा बसला की खालचा कापूस असा उडायचा की जणू घरातच ढग फुटला. पुढ्यात त्याची पोरगी जरीना बसली होती. नाकातोंडावर पदर गुंडाळलेला, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या. जुन्या गादीतला गठ्ठा झालेला कापूस ती बोटांनी सोडवत होती. बोटं कापसात, पण कान रस्त्यावर.

"अब्बा, जरा थांबवा की."

"आता काय झालं?"

"भाईर कुणीतरी बोलल्यागत झालं."

पिंजण थांबली. बाहेर शेजारची चिमणाकाकी आपल्या शेळीला शिव्या घालत होती.

"तिचं शेळीकडं काम हाय. तुझ्याकडं न्हाय," दस्तगीर खोकत म्हणाला. "ह्या महिन्यात कितींदा थांबवलीस ही पिंजण? अशानं ही गादी व्हईस्तवर तिच्यावर निजणारा म्हातारा व्हईल."

जरीना हसली आणि परत कापसाला लागली. पण तिचा तरी काय दोष? उशीच्या अभ्र्यात दडवलेलं एक पत्र महिनाभर तिला बसू देत नव्हतं. ते तिनं इतक्यांदा वाचलं होतं की घड्यांवर फाटायला आलं होतं. पत्र नर्सांच्या शाळेचं होतं. मॅट्रिक झालेल्या मुलींना तिथं सरळ प्रवेश. मॅट्रिक न झालेल्या, पण डॉक्टरच्या हाताखाली सलग तीन वर्षं काम केलेल्या मुलींसाठी दोन जागा. 'आपला अर्ज मिळाला. कामाच्या अनुभवाची खात्री करण्यासाठी आमच्या सिस्टर आपल्या पत्त्यावर येतील. तारीख आगाऊ कळवली जाणार नाही.'

जरीनाची शाळा नववीत सुटली होती. अम्मा गेली आणि चूल हिच्या गळ्यात आली. पण काम? काम तिनं पाच वर्षं केलं होतं, आण्णा डॉक्टरांच्या दवाखान्यात. त्याची सुरुवातही कापसानंच झाली होती. दवाखान्याला पिंजलेला कापूस दस्तगीर पुरवायचा. एक दिवस पिशवी घेऊन सतरा वर्षांची जरीना गेली आणि डॉक्टर येईपर्यंत बाकावर बसल्या बसल्या तिनं कापसाचे बोळे वळून ठेवले. शंभरभर बोळे, सगळे एका मापाचे. आण्णा डॉक्टरांनी चष्मा वर करून बोळे बघितले, मग पोरीची बोटं बघितली. "उद्यापासनं येत जा," म्हणाले. झाली नेमणूक. ना अर्ज, ना चिठ्ठी.

मग सुया उकळणं आलं, जखमा धुणं आलं, पट्ट्या बांधणं आलं, आणि शेवटी मिक्श्चर करणं आलं. लोक घरनं बाटल्या घेऊन यायचे. डॉक्टर सांगतील तसं औषध भरायचं आणि बाटलीवर डोसाची पट्टी चिकटवायची. आधीचा कंपाउंडर पट्टीवर नुसत्या रेघा मारायचा. पण ज्यांना वाचता येत नाही त्यांना रेघा मोजताना घोटाळा व्हायचा. एक म्हातारी आठ डोस दोन दिवसांत संपवून बसली आणि पुढं दोन दिवस निजून राहिली. तेव्हा जरीनानं नवी रीत काढली. कागद आठपदरी घडी घालून दोन्ही कडा कात्रीनं गोल कातरायच्या. उलगडला की माळेत ओवल्यासारखे आठ मणी. एका वेळेला एक मणी. पट्टीखाली बारीक अक्षरात तारीख घालायची, कारण आण्णा डॉक्टरांचा हुकूम होता, पाच दिवसांनी उरलेलं औषध मोरीत.

आण्णा डॉक्टर फार मोठ्या मनाचे आणि कागदाचे फार आळशी. दवाखान्यात कामाला कोण, कधीपासून, याचं रजिस्टर त्यांनी जन्मात ठेवलं नाही. गेल्या आषाढात, अंथरुणाला खिळल्यावर, त्यांनी जरीनाला दाखला लिहून दिला. अक्षर कापरं, शिक्का कुणाला सापडला नाही. श्रावणात डॉक्टर गेले आणि दवाखान्याच्या जागी सायकलचं दुकान आलं.

म्हणजे कागद एक, तोही बिनशिक्क्याचा. लिहिणारा जगात नाही. याचा घोर जरीनाला लागून राहिला होता. पण घोरापेक्षा हुरूप मोठा. सगळी गल्ली साक्षीला हाय की, असं ती मनाशी म्हणायची. ह्या गल्लीत असं एक घर नाही जिथल्या कुणाच्या तरी गुडघ्यावर मी पट्टी बांधली नाही. विचारू देत की कुणालाही!

अर्जाचं मात्र तिनं गल्लीत कुणाला सांगितलं नव्हतं. नाही मिळाली जागा, तर नळावर तोंड कुठं लपवायचं? त्यामुळं महिनाभर गल्लीला एवढंच दिसत होतं, की ह्या पोरीला काहीतरी झालंय. सुया-दाभणं विकणारी बाई आली तर हिनं तिला पाटावर बसवून आलं घातलेला चहा पाजला. देवी टोचणारी बाई आली तर हिनं न विचारता आपलं नाव, गाव, वय आणि पाच वर्षांचं काम घडाघडा सांगितलं. ती बिचारी म्हणाली, "बाई, मला फक्त घरात लहान मूल हाय का तेवढं सांगा."

आणि गल्लीचं एक वेगळंच प्रकरण होतं. जरीनाची दोन स्थळं मोडली होती. पहिलं राधानगरीकडचं. दुसरं हुपरीचं, चांदीचे पैंजण घडवणाऱ्या घरातलं, चांगलं होतं. मुलाच्या आत्यानं गल्लीत चौकशी केली आणि पिराजीनं मोठ्या अभिमानानं सांगितलं, "पोरगी दवाखान्यात असती. गड्यांच्या जखमा बांधती, घाबरत न्हाय!" आत्याबाई त्याच पावली हुपरीच्या एस्टीत बसल्या. परक्या गड्यांचे हातपाय धरणारी सून त्यांना नको होती. त्या दिवशी चिमणाकाकीनं नळावर सगळ्यांना धरून शपथ घातली होती. "पुन्यांदा कोण चौकशीला आलं, तर दवाखान्याचं नाव काढायचं न्हाय. पोरीला आई न्हाय, आपणच हाय. ज्याचं तोंड उघडंल त्याच्या घरचं ताक मी बंद करीन."

ही शपथ जरीनाला ठाऊक नव्हती. आणि जरीनाचं पत्र गल्लीला ठाऊक नव्हतं.

नऊच्या सुमाराला गल्लीच्या तोंडाशी टांगा थांबला. आतनं एक बाई उतरली. पन्नाशीची, सोनेरी काड्यांचा चष्मा, मोरपंखी काठाची साडी, थंडीमुळं डोक्यावरनं तपकिरी शाल, कपाळ मोकळं, हातात चामड्याची पिशवी. तिनं चारी बाजूंच्या घरांवरनं नजर फिरवली आणि सरळ चिमणाकाकीच्या कट्ट्याकडं गेली. महिनाभर पिंजण थांबवणारी जरीना नेमकी तेव्हा कापसात मान खुपसून होती, आणि पिंजण जोरात वाजत होती.

ती तशीच वाजत राहिली असती, तर काय झालं असतं कुणास ठाऊक. पण ठोकळा एकदा वाकडा बसला आणि तात ताडकन तुटली. घरात एकदम शांत झालं. त्या शांततेत बाहेरचं बोलणं स्पष्ट ऐकू आलं.

"...दस्तगीर पिंजाऱ्यांची मुलगी. स्वभावानं कशी आहे?"

"जरीना व्हय? सोनं हाय, सोनं," चिमणाकाकी म्हणत होती. "वांग्याचं भरीत तर असं करती, तुम्ही बोटं चाटत बसशीला."

"बाहेर कुठं कामाला जात होती का?"

"छ्या!"

"एका डॉक्टरांच्या दवाखान्यात होती, असं कळलं होतं."

"कुणी सांगितलं? त्याची जीभ झडू दे!" काकीचा आवाज चढला. "आमची पोरगी ह्या कोपऱ्याच्या पलीकडं एकटी गेली न्हाय कधी. काय ओ पिराजी?"

"न्हाय न्हाय," शेणाची पाटी उचलत पिराजी म्हणाला. मागची चूक धुऊन काढायची ही संधी होती. "पावणं, तुमास्नी म्हणून सांगतो, सुई बघितली तरी चक्कर येतीया तिला."

"रगात बघितलं की भुईवरच!" नळावर घागर भरणाऱ्या शेजारच्या बयाबाईनं भर घातली. "औषधाचा वाससुदीक सोसत न्हाय."

"मग ही पाच वर्षं ती कुठं होती?"

"घरात!" काकी म्हणाली. "चूल, शिवण आणि नमाज. दुसरं काय ठाऊकच न्हाय तिला."

जरीना उभी राहिली होती. तिला पेनाची करकर ऐकू येत होती. बाई लिहून घेत होती. एकेका शब्दाबरोबर तिची पाच वर्षं पुसली जात होती, आणि पुसणारे सगळे तिचेच होते.

"अब्बा," ती म्हणाली, "आल्या त्या," आणि तशीच धावत बाहेर गेली. डोक्यापासून पायापर्यंत कापूस. चष्मेवाली बाई दोन पावलं मागं सरली.

"बाई, थांबा! मी जरीना. मी होते दवाखान्यात. पाच वर्षं होते. ह्या सगळ्यास्नी ठावं हाय."

चिमणाकाकीनं तिच्या दंडाला असा चिमटा काढला की डोळ्यांत पाणी आलं. "गप बस गं! आत जा, तोंड धू आधी. हे ध्यान दाखवतीस व्हय पावण्यास्नी?"

"काकी, ह्या स्थळ घेऊन आल्या न्हाईत. नर्सांच्या शाळेतनं आल्यात. मी अर्ज केलाय. मी काम केलंय का न्हाय, तेच बघाय आल्यात."

पिराजीच्या तोंडातली विडी पाटीत पडली. बयाबाईची घागर भरून वाहायला लागली. चिमणाकाकीचं तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"मग आधी सांगायचं न्हाय व्हय, भवाने!" आणि दुसऱ्या क्षणी ती बाईकडं वळली. "बाई, हुती! हुती की दवाखान्यात! रोज हुती!"

मग जो गलका उठला, तो थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "माझा अंगठा हिनंच बांधला!" "माझ्या सुनंचं बाळतपण हिनं केलं!" हे बयाबाई. आणि पिराजी तर पाटी टाकून पुढंच आला. "इंजेक्शन असं देती बाई, मुंगी चावल्यागत. माझ्या म्हशीला दिलंय, म्हशीला!"

सिस्टर शांतपणे सगळं ऐकत होत्या. गलका ओसरल्यावर त्यांनी वही मिटली.

"दहा मिनिटांपूर्वी हिला सुई बघून चक्कर येत होती. आता ही म्हशीला इंजेक्शन देते. यातलं मी काय लिहू?"

पिराजीनं टाकलेली पाटी परत उचलली.

"दोन्ही लिहू नगा," जरीना म्हणाली. "इंजेक्शन मी कधी कुणाला दिलं न्हाय, आण्णांनी देऊच दिलं नसतं. सुया उकळायचे. म्हशीचं शिंग मोडलं हुतं, त्याला पट्टी बांधलीवती, तेवढंच. बयाबाईच्या सुनेचं बाळतपण सुईणीनं केलं. मी नुसतं पाणी तापवून दिलं."

"अगं, मी तुझ्यासाठनं सांगतोय आणि तू मलाच खोटं पाडतीस?" पिराजी पुटपुटला.

सिस्टरनी पहिल्यांदाच तिच्याकडं नीट बघितलं. "सुया किती वेळ उकळायच्या?"

"पाण्याला उकळी आल्यावर वीस मिन्टं. मधी नवी सुई टाकली तर परत पहिल्यापासनं."

"हं. पण हे ऐकूनही सांगता येतं. डॉक्टरांच्या दाखल्यावर शिक्का नाही. ते हयात नाहीत. रजिस्टर आहे का?"

"त्यांनी ठेवलंच न्हाय."

"आणि साक्षीदार हे असे." सिस्टरनी पिशवी खांद्याला लावली. "मला लिहायला काहीतरी हवं, मुली. तोंडचं नको."

टांगेवाल्यानं घोड्याचा लगाम हलवला. जरीनानं आजूबाजूला बघितलं, बुडणारा माणूस बघतो तसं. आणि पिराजीच्या गोठ्याच्या फळीवर तिला एक बाटली दिसली. मळकी, तेलकट. काचेवर पिवळी पडलेली मण्यांची माळ.

"पिराजीकाका! ती बाटली! ती आणा हिकडं!"

"ती? शिंगाला तेल लावायची हाय ती."

"आणा म्हणते न्हवं!"

पिराजीनं आणली. सिस्टरनी ती दोन बोटांत धरून फिरवली. आठ मणी, त्यातले दोन झिजलेले. खाली तारीख, १४-७-६९. त्यांनी पिशवीतनं जरीनाचा अर्ज काढला, बाटलीशेजारी धरला, चष्मा नाकावर सरकवला. अर्जातल्या नऊच्या आकड्याला लांबलचक शेपूट होतं. बाटलीवरच्या नऊलाही तेच.

"ही पट्टी तू कापलीस?"

"व्हय. रेघा कळत न्हाईत लोकास्नी. मणी कळत्यात."

सिस्टर काही क्षण मण्यांवरनं बोट फिरवत राहिल्या. "पण ही एक बाटली, एका दिवसाची. आमचा नियम तीन वर्षांचा आहे. सलग."

त्यांचं वाक्य संपायच्या आत चिमणाकाकी पदर खोचून घरात पळाली होती. औषध संपलं म्हणून ह्या गल्लीत कुणी कधी बाटली टाकली नव्हती. बुचाची चांगली बाटली टाकायची म्हणजे काय! घराघरातनं बाटल्या यायला लागल्या. रॉकेलची आली. एरंडेलाची आली. मधाची आली, तिच्यामागं मुंग्या आल्या. बयाबाईनं देव्हाऱ्यातली आणली, आत काशीचं पाणी. "हात धुतल्यात न्हवं बाई?" म्हणून सिस्टरना विचारूनच दिली. चिमणाकाकीनं आपली खोबरेल तेलाची आणली, थंडीनं आत गोठलेली. पेठेतल्या वरच्या अंगालाही बातमी गेली, आणि ज्यांचा काही संबंध नाही तेही रिकाम्या बाटल्या घेऊन धावत आले.

सिस्टर कट्ट्यावर बसल्या. पट्टी नसलेल्या बाटल्या त्यांनी बाजूला सारल्या. उरलेल्या तारखेप्रमाणे ओळीत लावल्या. गल्ली श्वास धरून बघत होती. शिवाजी स्टेडियमवर फुटबॉलच्या सामन्याची शेवटची पाच मिनिटं उरली असावीत तशी.

"एकोणसत्तर, तीन. सत्तर, चार. बहात्तर, दोन. त्र्याहत्तर, एक." सिस्टर थांबल्या. "एकाहत्तरची?"

एकाहत्तरची नव्हती. परत घरं उलटीपालटी झाली. बयाबाईनं माळा शोधला. पिराजीनं चाऱ्याखाली हात घातला. एकाहत्तर काही निघेना.

"एकाहत्तर साली सगळे ठणठणीत हुता व्हय रे, मुडद्यांनो?" चिमणाकाकी ओरडली.

तेवढ्यात दस्तगीर दारात आला. इतका वेळ तो कुठं होता, कुणाच्या ध्यानात नव्हतं. हातात बाटली होती, फडक्यात गुंडाळलेली. त्यानं ती कट्ट्यावर ठेवली आणि फडकं काढलं. स्वच्छ पट्टी, पुरे आठ मणी, ३-११-७१. आणि आत गळ्यापर्यंत भरलेलं तांबडं औषध.

जरीना बघतच राहिली. "अब्बा! हे तुमच्या खोकल्याचं! एकबी डोस घेतला न्हाय?"

दस्तगीरनं मान खाली घातली. "कडू हुतं."

"बाटली धुऊन ठेवली म्हणून सांगितलंसा मला!"

"कापसाच्या गाठोड्यामागं ठेवलीवती. तुझ्या हातचं हुतं, मोरीत कसं वतू?"

आधी सिस्टर हसल्या. मग सगळी गल्ली हसली. दस्तगीर हसता हसता खोकला, आणि तो खोकला ऐकून परत हसू फुटलं. जरीनाला हसावं का भांडावं कळेना. तिच्या गालावरचा कापूस ओला होऊन चिकटला होता.

सिस्टरनी वही उघडली. आधीचं पान आडवी रेघ मारून खोडलं आणि नवीन पानावर सगळ्या तारखा उतरवून घेतल्या. खाली लिहिलं, सही केली, आणि वही फिरवून जरीनाला दाखवली. 'अनुभवाची खात्री केली.'

"ही खोबरेल तेलाची बाटली मी नेते. ऑफिसात दाखवायला."

"माझी? भरलेली हाय की!" चिमणाकाकी म्हणाली, मग जरीनाकडं बघून तिनं हात झाडला. "न्ह्या, न्ह्या. डोक्याला लावा, थंडी हाय."

"एक जानेवारीला सकाळी आठला यायचं. दोन पांढऱ्या साड्या, ट्रंक, अंथरूण."

"अंथरुणाची काळजी नगा करू," दस्तगीर छाती काढून म्हणाला. "अख्ख्या शाळेत तसली गादी नसंल."

टांग्यात चढता चढता सिस्टर म्हणाल्या, "आणि वडलांना खोकल्याचं नवीन औषध आण. समोर बसून पाज."

चिमणाकाकी टांग्याच्या चाकाला धरून उभी होती. "बाई, एक इचारू? तुमच्या वळखीत एखादा चांगला मुलगा असंल, तर..."

"काकी!" जरीना किंचाळली. टांगा निघाला.

त्यानंतर अर्धा तास दारात कुणी हलेना. पिराजीनं म्हशीचं ताजं दूध दिलं, बयाबाईनं गूळ आणला, आणि कुणाच्या साक्षीनं काम झालं यावर दोघांचं भांडण लागलं. जरीना घटकेत उठायची, घटकेत बसायची. दोनदा तिनं पत्र आणून मोठ्यानं वाचून दाखवलं. दुसऱ्यांदा वाचताना ते घडीवर खरंच फाटलं.

शेवटी चिमणाकाकीच ओरडली, "आता बास! माझी गादी कवा देणार? राती भुईवर निजलीया मी."

दस्तगीर आत गेला. त्यानं नवी तात काढली, पिंजणीवर ताणली आणि एक टोक जरीनाकडं दिलं. तिनं दातात धरून गाठ मारली, ओढून बघितली. पक्की बसली. मग पदर नाकावर गुंडाळून ती कापसाच्या ढिगाशी बसली. एक गठ्ठा ओढला, आणि त्यातली सरकी निवडायला लागली.

"ठोका आता," ती म्हणाली.